चादरीवरचा मोक्ष

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या देशात खेळाचा पहिला प्रोग्रॅम मी लिहिला. सोलापुरात, सत्तरच्या दशकात, चादरीवर! (टाळ्या नंतर. आधी काय झालं ते ऐका.)

माझा पुतण्या हल्ली संगणकावर खेळ बनवतो आणि काकाला यातलं काही कळत नाही असं समजतो. बाबा रे, आपण एकाच धंद्यातले! मी चादरीच्या कारखान्यात यंत्रावर पुठ्ठ्यांना भोकं पाडत असे. एक पुठ्ठा म्हणजे विणकामातली एक आडवी ओळ. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागावर चढवली की आपोआप मोर उमटतो. माळेची दोन्ही टोकं जोडलेली, त्यामुळे शेवटचा पुठ्ठा संपला की पुन्हा पहिला. माग थांबवेपर्यंत मोरावर मोर! ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

त्या वर्षी आमच्या शकूला, म्हणजे धाकट्या बहिणीला, अक्कलकोटचं स्थळ सांगून आलं. मुलगा सालस होता, पण त्याचे मामा बरोबर होते. गुरप्पाअण्णा! निवृत्त मास्तर, जुन्या काव्यग्रंथांचे गाढे वाचक, आणि त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मला ते कानडीत 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं,

"तम्मा, काय करतोस?"

"यंत्राला अक्कल देतो," मी म्हणालो.

अण्णांनी डोळे मिटले. "संपलं! यंत्राला अक्कल आली की जगबुडी आली. जुन्या काव्यांत समदं लिवून ठेवलंय की!"

माझी त्या काळची मतं फार तयार होती. जगबुडी सांगणारा माणूस पुढच्या वर्षाचं लोणचं घालायला विसरत नाही, हे एक. जुनी काव्यं थोर खरी, पण त्यांचा शेवटचा सर्ग कुणीही वाचलेला नसतो, हे दुसरं. आणि माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही, हे तिसरं. पहिली दोन मतं मी गिळली. तिसरं तोंडातून निसटलं.

"विसरत न्हाय?" अण्णा ताठ बसले. "मग आमचा जुना मोक्षपट विणून दाखव. जन्मापासून मोक्षापर्यंत शंभर घरं. भक्तीच्या शिड्या, लोभाचे साप. विणलास तर मी चूक म्हणून कबूल करतो."

"विणतो! रुखवतात मांडतो!"

स्वयंपाकघराच्या दारात शकूनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी अण्णांचा होकार आला, त्यात मोक्षपटाची आठवणही होती.

मी महिनाभर भोकं पाडली. पटाच्या एका ओळीत दहा घरं, अशा दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या पुठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा. गठ्ठे घरी आणून अंगणात खाटेवर ओवायला बसलो. कारखान्यातले नरसय्या विणकर म्हणाले होते, "पुठ्ठ्यांवर नंबर टाका हो." मी हसलो. नंबर कारकुनांना लागतात, कलावंताला नाही! आई लग्नाच्या वाळवणाच्या गडबडीत होती, मी प्रगतीच्या तंद्रीत. माळ ओवली, टोकं जोडली, नरसय्यांच्या हवाली केली आणि एवढंच सांगितलं, "पलंगाएवढी झाली की कापा."

लग्नाच्या दिवशी सकाळी चादर आली ती घडी घातलेलीच रुखवतावर गेली. मुहूर्ताला तास होता. अण्णा आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "उघड."

मी जादूगारासारखी घडी झटकली. मंडळींनी "वा!" केलं. लाल जमिनीवर पांढरी घरं, पिवळ्या शिड्या, हिरवे साप. अण्णांचेही डोळे चमकले. खालच्या डाव्या कोपऱ्यात 'जन्म'. मी अभिमानानं वरच्या डाव्या कोपऱ्यात 'मोक्ष' बघायला गेलो.

तिथंही 'जन्म' होता.

वरची अख्खी ओळ खालच्याच ओळीची होती! दहावा गठ्ठा माळेत ओवलाच गेला नव्हता. नवव्या ओळीनंतर माळ फिरून पहिलीवर आली आणि नरसय्यांनी बरोबर पलंगाएवढी झाल्यावर कापली. भक्तीची सर्वांत उंच शिडी सरळ पुनर्जन्माला टेकली होती.

मी जगातला कुठलाही हुशार प्रोग्रॅमर करील तेच केलं. चुकीवर बसलो. अक्षरशः! वरच्या ओळीवर मांडी घालून.

"बस, बस. खेळू की," अण्णांनी खिशातून कवड्या काढल्या, दोन सुपाऱ्या सोंगट्या म्हणून ठेवल्या. "आणि ऐक, आमच्या घरचा नेम हाय. पटावर बसलेला मोक्षाला गेल्याशिवाय उठत न्हाय."

"पण अण्णा, मुहूर्त..."

"तासात होतोय की मोक्ष!"

आता नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामा उभा नसेल तर अंतरपाट धरणार कसा? म्हणजे अण्णा उठेपर्यंत शकू कुमारिका! मी मनात सगळ्या सापांना साकडं घातलं की अण्णांना गिळा, वर येऊ देऊ नका. पण कवड्या त्यांना वश होत्या. वीस मिनिटांत स्वारी नव्वदाव्या घरात!

"ऊठ तम्मा. माझा मोक्ष तुझ्याखाली हाय."

"पायाला मुंग्या आल्यात अण्णा."

"सरक तरी!"

सरकलो. अण्णांनी चष्मा लावला. पुढं दहा, नऊ, आठ... आणि कोपऱ्यात 'जन्म'. मला वाटलं, आता जगबुडी. पण मास्तर शिस्तीचे! "पट म्हणतो जन्म, तर जन्म," म्हणत सुपारी उलटी चालवत कोपऱ्यात नेली आणि तिथून उचलून पुन्हा खाली पहिल्या घरात ठेवली. "टाक कवड्या."

दुसरा जन्म लवकर संपला. तिसऱ्यात लोभाच्या सापानं दोनदा गिळलं. भटजी बोहल्यावरून ओरडले, "मुलाचे मामा! दहा मिनिटं राहिली!"

"मला न्हाय सांगायचं, पटाला सांगा!"

मी खडू आणला आणि वरच्या कोपऱ्यावर 'मोक्ष' लिहिलं. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं. "माणसाच्या हाताचा नको. माणूस विसरतो, तूच म्हणालास. यंत्राचा आण."

मुंडावळ्या बांधलेली शकू आतून तरातरा आली. "दादा! काहीही कर, पण माझ्या लग्नाआधी अण्णांना मोक्ष दे!"

वरपक्षातल्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावले. शकू जीभ चावून पळाली. मी मागोमाग कोठीत धावलो.

"आई! माझे पुठ्ठे? एक गठ्ठा राहिलाय! भोकाभोकाचे!"

आई ताटात तळलेले सांडगे रचत होती. "ते व्हय? अंगणात पडलेले. लई झकास! भोकांतनं खालून वारं लागतंय, सांडगे एका दिवसात कडकडीत!"

"त्यावर मोक्ष होता गं!"

"मग नंबर टाकायचा न्हाय? मला काय कळतंय कुटला मोक्ष आणि कुटली रद्दी!"

कोठीच्या कोपऱ्यात गठ्ठा होता. पिठानं बरबटलेला, चार-दोन सांडगे अजून चिकटलेले. तो छातीशी धरून मी मांडवात धावलो आणि चादरीच्या वरच्या कडेवर पुठ्ठे ओळीनं मांडले.

"हा घ्या अण्णा! यंत्राचा मोक्ष. विणायचा राहिला, पण भोकं माझ्या यंत्रानंच पाडलीत."

अण्णांनी एक पुठ्ठा उजेडाकडं धरला. भोकांतून माझ्याकडं बघितलं. चिकटलेला सांडगा खरवडून तोंडात टाकला, सावकाश चावला. भटजी घड्याळाकडं, मी अण्णांकडं, शकू दाराच्या फटीतून आम्हा सगळ्यांकडं! शेवटी त्यांनी सुपारी पुठ्ठ्यावर ठेवली.

"चव हाय," ते म्हणाले आणि उठले.

अंतरपाट धरला तेव्हा मुहूर्ताला मिनिटभर उरलं होतं. मंगलाष्टकं सुरू करायला भटजींनी घसा खाकरला. माझ्या जिवात जीव आला, मी डोळे मिटले. तेवढ्यात अण्णांना माझ्याशी केलेला करार आठवला असावा, कारण शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात ते भर मांडवात बोलून गेले,

"मंडळी, यंत्रानं जगबुडी येणार म्हणत होतो, ते चूक! यंत्र जर हाच तम्मा चालवणार असंल, तर बिनघोर ऱ्हावा. जगबुडीचा शेवटचा गठ्ठा बी सांडग्याखालीच ऱ्हातोय!"