विमाकाकांची वेबसाइट आणि अवेळची अंघोळ

विमाकाका समोरून येताना दिसले की लोकांना अचानक काहीतरी आठवतं. कुणाला बँकेत जायचं असतं, कुणाचं दूध गॅसवर असतं, आणि कुणी तर चालता चालता वाकून बुटाची नाडी बांधायला लागतं, पायात चप्पल असली तरी. हे काका स्वतःच रंगवून सांगतात आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसतात. "आपल्यावर हसायला दुसऱ्याची वाट कशाला बघायची? आपला माल आपणच खपवावा," असं त्यांचं धोरण.

उभं आयुष्य त्यांनी विमा विकण्यात घालवलं. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबल, त्यावर काच, काचेखाली पुतण्यांचे फोटो, भिंतीवर कंपनीनं वेळोवेळी दिलेल्या ढाली. ग्राहकाची खुर्ची मुद्दाम खोलगट घेतलेली, बसलेल्या माणसाला चटकन उठता येऊ नये म्हणून. हल्ली त्या खुर्चीत बहुतेक वेळा इस्त्रीचे कपडे बसलेले असायचे.

तर अशा या काकांवर संकट आलं ते चष्म्याच्या दुकानातून.

थोरले चष्मेवाले हे काकांचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. त्यांच्यामागून त्यांची बायको, मुलं, दुकान, दुकानातला माल, मग नोकरमाणसं, असं करत करत ते अख्खं घराणं काकांच्या फायलीत येऊन बसलं होतं. आता दुकानाची तीन दुकानं झाली होती, थोरल्यांचे गुडघे गेले होते आणि गल्ल्यावर धाकटे बसत होते. नोकरांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यावर आलं म्हणून काका नेहमीसारखे गेले, तर धाकट्यांनी चहा मागवलाच नाही. काकांना तिथेच शंका आली.

"काका, राग मानू नका," धाकटे मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "तुम्ही येता, गप्पा होतात, माझी अर्धी सकाळ जाते. मला आता सगळं इथे हातात लागतं. तुमची वेबसाइट असेल तर लिंक पाठवा, बघतो. नसेल तर यंदा मी ऑनलाइनच करून टाकतो. घरचे विमेसुद्धा."

"वेबसाइट ना? आहे की!" काका म्हणाले. "म्हणजे, रंगकाम चालू आहे."

रस्त्यावर आल्यावर त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. वेबसाइटला रंग देतात की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पण एक गोष्ट माहीत होती. हे घराणं गेलं की फायलीत उरणार ते दोन मेहुणे आणि एक जावई, म्हणजे ज्यांना नात्याच्या भिडेपोटी नाही म्हणता आलं नव्हतं ते. तेवढ्यावर घर चालत नाही. शिवाय पहिलं गिऱ्हाईक गेल्यावर आपण नक्की कोण, असाही एक प्रश्न होता. तो काकांनी घाईघाईनं बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी काका डिझायनर शोधायला निघाले. त्यांच्या मनात वेबसाइट तयारच होती. वर आपला ब्लेझरमधला फोटो, ढाली एका ओळीत, खाली डावीकडून उजवीकडे पळणारी अक्षरं, आणि उघडल्या उघडल्या सनई. ब्लेझर मेहुण्याचा होता. त्याचं बटण लागत नव्हतं. पण फोटोत हात बांधून उभं राहिलं की भागतं, हे काकांनी आरशासमोर ताडून पाहिलं होतं.

पहिला डिझायनर काचेच्या केबिनमध्ये बसायचा. त्यानं काकांना पाणी दिलं, नाव विचारलं, मुलाबाळांची चौकशी केली आणि मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला.

"सर, देव न करो, पण उद्या तुमची साइट हॅक झाली तर?"

काकांच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, कौतुकानं. 'देव न करो, पण उद्या' हे त्यांचं स्वतःचं वाक्य. खुर्ची पुढे ओढायची वेळसुद्धा त्यांचीच.

"त्यासाठी आमचा वार्षिक देखभालीचा प्लॅन आहे. दिवसाला पडतात सर, फक्त..."

"एका चहाचे पैसे," काकांनी वाक्य पुरं केलं.

"अगदी बरोबर! आणि ही सवलत सर..."

"आजच्यापुरतीच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भर बाजारात जुळा भाऊ भेटावा तसं झालं. पण सवय वाईट. काकांचा हात आपोआप बॅगेत गेला. "ते राहू दे. तुम्ही दिवसभर असे बसून असता. पाठीचं काय? तुमचा आरोग्य विमा आहे का? देव न करो, पण उद्या..."

मग जे जुंपलं ते जुंपलं. हा त्याला देखभाल विकतोय, तो याला दवाखाना. मध्येच आलेल्या चहावर साय धरली. शेवटी दोघंही दमले आणि दोघांनीही "विचार करून सांगतो" म्हणून हात मिळवले. या तीन शब्दांचा अर्थ काय, हे त्या खोलीत दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

दुसरा डिझायनर भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून काम करणारा एक किडकिडीत तरुण. त्याच्याकडे साइट तयारच होती, फक्त नाव बदलायचं बाकी. त्यावर हिरवळीवर धावणारं एक कुटुंब होतं. ओळख ना पाळख. नवरा, बायको, दोन मुलं आणि कुत्रा, सगळ्यांचेच दात दिसत होते.

"ही मंडळी कोण?" काकांनी विचारलं.

"समाधानी ग्राहक, काका."

"माझे?"

"सगळ्यांचेच. परवा एका दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर टाकलेत. तिथेही शोभतात."

"तरीच कुत्र्याचेसुद्धा पांढरेशुभ्र आहेत," काका म्हणाले. मग पुन्हा हात बॅगेत गेला. तरुणानं बिचाऱ्यानं भिडेखातर एक माहितीपत्रक घेतलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

तिसरी डिझायनर सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. तिशीची असेल. खाली कुणीतरी सारखी घंटी वाजवून बघत होतं. तिनं पाणी दिलं नाही, मुलाबाळांचं विचारलं नाही. ब्लेझर, ढाली, सनई सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?"

"लोक येत नाहीत. मीच जातो."

ती हसली. "मग वेबसाइट कशाला? ती तर जागची हलत नाही. विचार करा, मग बोलू."

"तेवढ्यात तुमच्या विम्याचं..."

"आधी तुमचं काम, मग माझा विमा," ती म्हणाली आणि कामाकडे वळली.

घरी येऊन काका फणफणले. "तिला विकायची इच्छाच नाही. धंदा कसा चालवते देव जाणे."

"अहो, पण तुम्ही डिझायनर निवडायला गेला होता की गिऱ्हाईक?" बायकोनं विचारलं. काकांनी पेपरमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. काचेच्या केबिनचा सकाळी एक, संध्याकाळी एक. "सर, ठरलं का? तुमच्यासाठी सवलत अजून धरून ठेवली आहे." बाल्कनीवाल्याचे तर फुलाफुलांचे शुभ सकाळ संदेश, आणि त्यामागून हळूच, "काका, आठवण राहू द्या." काकांनी सुरुवातीला गोड बोलून टाळलं. मग फोन वाजू दिला. मग एका संध्याकाळी तो वाजायला लागल्यावर त्यांनी तो बायकोच्या हातात कोंबला.

"सांग, अंघोळीला गेलेत."

"आत्ता? या वेळेला?"

"दुसरी आहे म्हणावं."

बायकोनं तसं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "हरकत नाही मॅडम, मी पुन्हा करतो."

काका सोफ्यावर बसूनच राहिले. 'हरकत नाही, मी पुन्हा करतो.' हे ते स्वतः रोज किती जणांना म्हणत असतील! बँकेचे मॅनेजर भर दुपारी अंघोळीला गेलेले असायचे. गल्लीतले पिठाच्या गिरणीवाले दिवसातून दोनदा जायचे. धाकटे चष्मेवाले तर गेलं वर्षभर न्हाणीघरातच मुक्कामाला होते. काका आजवर मनाशी म्हणत, केवढी ही स्वच्छतेची आवड! लोक अवेळी अंघोळ का करतात, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं.

"त्या सायकलवालीचा फोन आला होता का गं?"

"नाही."

दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकांना चैन पडेना. आपल्याला कुणी विकायला येत नाही म्हणजे काय? शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि काम तिलाच दिलं.

"मलाच का, काका?"

"तुम्ही फोन केला नाहीत म्हणून."

पलीकडे खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग ती म्हणाली, "मग हेच लिहू या की तुमच्या साइटवर. 'मी तुम्हाला फोन करणार नाही.'"

"अहो ताई, न्हाव्याला कात्री लावू नको म्हणण्यासारखं झालं हे! मी फोन करायचा नाही तर करायचं काय?"

"तुम्हाला कोण फोन करतं?"

"मला? मला कोण करणार? दवाखान्यातून करतात. कुणी दाखल झालं, कुणाची गाडी आदळली, कुणी गेलं. कुठला कागद, कुठली खिडकी, त्यांना काही सुचत नसतं. मग मी जातो."

"मग?"

"मग काय? जातो. त्यात विकण्यासारखं काही नाही."

तिनं तेवढंच लिहून घेतलं.

साइट झाली तेव्हा काकांचा चेहरा पडला. ब्लेझर नाही. ढाली नाहीत. सनई तर नाहीच. नेहमीच्या शर्टातला, फोनवर बोलतानाचा एक छोटा फोटो, त्यात कपाळावर आठ्या. खाली घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर आधी काय करायचं ते साध्या शब्दांत. आणि वर, ठळक अक्षरांत: 'मी तुम्हाला फोन करणार नाही. गरज पडली की तुम्ही करा. उचलतो.' त्याखाली हा एवढा मोठा नंबर.

"हे म्हणजे दुकान उघडायचं आणि आत लपून बसायचं," काका कुरकुरले. पण नूतनीकरणाची तारीख अंगावर आली होती. त्यांनी धाकट्यांना लिंक पाठवून दिली. मग त्याच दमात 'बघितली का?' लिहिलं. मग वर काय छापलंय ते आठवलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. अंगठा इतका शिवशिवायला लागला की बायकोनं फोन काढून घेऊन कपड्यांच्या कपाटात ठेवला. काका येता-जाता कपाटाला कान लावू लागले.

यातच त्यांच्या चष्म्याचा स्क्रू पडला आणि एक काडी हातात आली. आता हा चष्मा धाकट्यांच्या दुकानातला. दुरुस्तीला तिथेच जायला हवं, आणि तिथे गेलं की वचन मोडलं. चष्म्याचं निमित्त काढून आले, असंच म्हणणार. इतकी वर्षं निमित्तं काढण्यातच तर गेली होती.

"द्या इकडे, मी नेते," बायको म्हणाली.

"तू नेलास तर तुला विचारतील, काका काय म्हणतात. आणि तू सांगशील."

म्हणून त्यांनी काडीला शिवणाचा काळा दोरा बांधला. चष्मा नाकावर तिरपा बसायचा, त्यामुळे समोरचा माणूस एका डोळ्याला जवळ आणि एका डोळ्याला लांब दिसायचा. त्या दुकानावरून जाताना ते पलीकडच्या फुटपाथनं जायचे. एकदा दुकानातल्या नोकरानं हात केला, तर काका चक्क उभ्या टेम्पोमागे दडले. ज्या माणसाला बघून लोक लपायचे, तो आता लोकांना बघून लपत होता. बरोबरी झाली, असं त्यांनीच घरी येऊन सांगितलं. पण या खेपेस ते स्वतः हसले नाहीत.

मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून काका अंघोळीला गेले. डोक्याला साबण लावला आणि बाहेर फोन वाजला. त्यांनी नळ बंद केला, तर बायकोचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"ते ना? ते अंघोळीला गेलेत."

'उचलतो' म्हणून जगाला छापून दिलेलं, आणि पहिलाच फोन आला तो नेमका आत्ता! पंचा गुंडाळून, डोळे मिटून, भिंत चाचपत ते बाहेर धावले आणि बायकोच्या हातून फोन ओढला.

"हॅलो!"

"काका, अंघोळ?" पलीकडे धाकटे चष्मेवाले होते. "भर दुपारी?"

"अरे, खरंच अंघोळ! साबण डोळ्यात गेलाय माझ्या!"

"असू दे, असू दे. मीसुद्धा दर वेळी हेच सांगायचो." धाकटे खदाखदा हसत होते. "काका, साइट त्याच दिवशी बघितली. म्हटलं थाप आहे, दोन दिवसांत यांचा फोन येतोच. दुकानातल्या मॅनेजरशी पैज लावली होती. हरलो. आता बाबांनी डोकं खाल्लंय, विमावाले येत का नाहीत, आजारी पडले का. आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही कशी धावपळ केलीत, ती कहाणीही पुन्हा पहिल्यापासून ऐकवली. उद्या सकाळी या. सगळं नेहमीसारखं तुमच्याकडेच ठेवू."

"म्हणजे, तू बोलावतोयस ना? रीतसर?"

"रीतसर. आणि तो चष्मा घेऊन या. दोरा बांधून फिरताय, आमच्या दुकानाची फ्रेम आहे ती. टेम्पोमागचंही सगळं दिसतं, काका."

दुसऱ्या दिवशी चहा आला. सह्या झाल्या. काका उठणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की दुकानातली खुर्चीही चांगलीच खोलगट आहे. धाकट्यांनी चष्म्याला नवा स्क्रू बसवला, काच पुसली, प्रकाशासमोर धरून पाहिली आणि आपलं स्टूल पुढे ओढलं.

"काका, एक सांगू? फ्रेम जुनी झालीय. देव न करो, पण उद्या ऐन दवाखान्यात, कागद वाचताना हाच तुटला तर? जवळ दुसरा जोड असलेला बरा. दिवसाला बघायला गेलं तर..."

काकांनी हात जोडले.

"बांध बाबा, दुसराही बांध."

"घाई नाही काका, विचार करून सांगा."

"नको. आत्ताच घेतो," काका म्हणाले. "नाहीतर उद्यापासून मला रोज दोन-दोनदा अंघोळ करावी लागेल."