इतिहासाच्या पेपरातली तार

माझे दाजी केसरीनाथ, म्हणजे कमळताईचे यजमान, यांना दुसऱ्याच्या तब्येतीची भारी काळजी. स्वतः दिवसाला नऊ कटिंग चहा पिणार, भाकरीचे चार घास करून शिफ्टला पळणार, आणि मला सांगणार, "गोदू, घास बत्तीस वेळा चाव. दात बत्तीस हाईत, येकेकाला काम दे." अहो, जेवणातच दिवस गेला तर अभ्यास कधी करायचा? पण दाजींना हे सांगायची सोय नव्हती.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची घोडी. नवऱ्यानं टाकल्यापासून भिवंडीत ताईकडे राहत होते आणि बालवाडीत मदतनीस होते. पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाटायची. आमच्या बाई जूनमध्ये काम सोडणार होत्या. त्यांची जागा मला मिळणार होती, पण तोवर दहावी पास झाले तरच. ती मिळाली की मी स्वतःची खोली घेणार होते. ताईनं कधी तोंड वाकडं केलं नाही, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्याच्या घरात तांब्याभर पाणी घेतानासुद्धा जीव चोरटा होतो. म्हणून मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

दाजींनी त्याच दिवशी कापडाच्या ताक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर वेळापत्रक केलं. पाच वाजता उठणे. कोमट पाणी. तळ्यापर्यंत चालणे. सहा ते आठ, पाठांतर, मोठ्याने. मी म्हटलं, "मोठ्यानं कशाला? लोक हसतील."

"लूम चालू असताना तुजा आवाज कुनाला आयकू येनार हाय?"

हेही खरंच. आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे कारखान्याचीच भिंत. दाजी तिथेच चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, सांभाळायचे. भिंतीला एक झरोका होता. मी अलीकडे बसून ओरडायची, दाजी पलीकडे झरोक्याला कान लावून ऐकायचे. एक शब्द चुकला तर झरोक्यातून, "मागं ये गो, मागं ये!" सातवीत शाळा सुटलेला माणूस, पण महिन्याभरात त्यांना माझा इतिहास माझ्याआधी पाठ झाला. मीही खटाखटीच्या तालावर शिकले. एका खटक्याला एक शब्द. डोळे मिटले तरी झरझर यायचं.

मध्येच सूत तुटायचं. मग दाजी "तार तुटली!" म्हणून बोंब मारून त्या लूमकडे धावायचे. तार जोडून आले की, "हां, पुढं बोल." मी पुढं बोलायची.

पंचाईत व्हायची शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. सगळीकडे अशी शांतता की कानात दडे बसावेत, आणि मला एक ओळ आठवेना. मी रडकुंडीला आले तेव्हा दाजींनी रिकामा तेलाचा डबा घेतला आणि लाटण्यानं बडवायला लागले. खटाक्-फटाक्, खटाक्-फटाक्. वर सवयीप्रमाणे अधूनमधून "तार तुटली!" सुद्धा. कारखान्याच्या मालकीणबाई जुबैदाबी पदर सावरत दारात आल्या. "केसरीनाथ, आज जुम्मा हाय रे! आज तरी कानाला सुट्टी दे. येडा झालास काय?"

"अभ्यास हाय, भाभी," दाजी म्हणाले, आणि हात काही थांबवला नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली. इतिहासाच्या दिवशी दाजींनी ड्युटी बदलून घेतली आणि शाळेच्या फाटकाशी भिजवलेल्या चण्यांचा डबा घेऊन बसले. मी आत गेले. पेपर हातात आला. पहिलाच मोठा प्रश्न सत्तावन्नच्या उठावाचा. माझा तोंडपाठ! आणि वर्गात ही शांतता. डोकं अगदी कोरं. अर्धा तास मी नुसती समास आखत बसले. बाजूची मुलगी पुरवणी मागायला उठली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ताईचं स्वयंपाकघर आणि मरेपर्यंत त्यातला माझा कोपरा उभा राहिला. मेल्या दाजींचा राग आला, लूमचा आला, स्वतःचा तर विचारू नका. मग मी बाकाखाली टाच आपटायला सुरुवात केली. हळू. खटाक्, खटाक्. आणि काय सांगू, आलं की हो सगळं! पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, पाय थांबवा." मी टाच थांबवली आणि चपलेत अंगठा चालू ठेवला. शेवटच्या घंटेपर्यंत हात थांबला नाही.

बाहेर आले तर दाजी उभेच. "काय लिवलंस? म्हनून दाखव."

मी चणे खात खात सुरू केलं. "मेरठच्या छावणीतले शिपाई बिथरले. त्यांनी तुरुंग फोडला. ते दिल्लीकडे निघाले."

आणि पुढचं दोघांच्या तोंडून एकदमच आलं, "तार तुटली!"

माझा घास तोंडातच राहिला. दाजींनी माझ्याकडे बघितलं. "गोदू... ह्ये पन लिवलंस?"

"लिहिलं."

"पेपरात?"

"दुसरं कशात लिहिणार!" मी खेकसले आणि तिथेच फाटकाशी भोकाड पसरलं. येणारीजाणारी पोरं बघायला लागली.

त्या दिवसापासून दाजींची बोंब बंद. सूत तुटलं की मुकाट्यानं जायचे, जोडायचे, परत यायचे. शेजारच्या लूमवरच्या माणसाला वाटलं, घशाला काही झालं. चहा नवावरून दोनावर आला. घास तर खरंच बत्तीस वेळा चावायला लागले, कारण गिळवतच नव्हता. ताई मला म्हणाली, "तू नापास झालीस तर हा मानूस साधू व्हईल बग."

जूनमध्ये निकाल लागला. गुणपत्रिका आणली ती जुबैदाबींच्या ओट्यावर. त्यांचा भाऊ हारूनमास्तर शाळेत इतिहास शिकवायचा, त्यानंच वाचली. मराठी एकावन्न. गणित अडतीस. इतिहास-भूगोल पस्तीस.

"काठावर, पण पास. सगळ्यात पास!" मास्तर म्हणाला.

पस्तीस म्हणजे एक जरी कमी असता तरी बोंबलले असते. ताईनं मला मिठी मारली. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. मग मीच तारेची गोष्ट मास्तरला सांगितली. म्हटलं, आता लाज कसली? मास्तर पोट धरून हसला, आणि एकदम थांबला.

"अरे, पण ते बरोबरच आहे! शिपायांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या होत्या. दिल्लीला खबर पोचू नये म्हणून. तुझ्या पुस्तकात नसेल. तपासणाऱ्याला वाटलं असेल, या बाईनं जास्तीचं वाचलंय. एक मार्क नक्की दिला असणार."

जुबैदाबी म्हणाल्या, "या अल्ला!"

दाजींनी गुणपत्रिका हातात घेतली. बोटाला तेल होतं, म्हणून आधी लेंग्याला पुसलं. मग पस्तिसावर बोट ठेवलं.

"म्हंजे त्यातला येक मार्क माजा, न्हाय गो?"

"तुमचाच, दाजी. अगदी तुमचाच."

"मंग," ते खाली बघत म्हणाले, "बाकीचे चौतीस मिळवायला मना किती वर्सं लागतील?"

घरी आले, भिंतीवरचा पुठ्ठा काढला, पाठीमागची कोरी बाजू पुढे केली आणि वर ठळक अक्षरात नाव घातलं, केसरीनाथ. खाली लिहिलं, पाच वाजता उठणे. कोमट पाणी. चहा बंद.

"दोन तरी ठेव गो," दाजी म्हणाले.