मापाचं शीड

इचलकरंजीत आमच्या दोन खोल्यांच्या भिंतीपलीकडे मालकाचे माग होते. त्यांच्या खडखडाटात आम्ही जन्मलो, जेवलो, झोपलो. वडील माग चालवायचे, आई घरी सुताच्या कांड्या भरायची. डोळ्यांसमोरून कापडाचे तागेच्या तागे जायचे, पण आम्हा बहिणींचे दिवाळीचे फ्रॉक डागी तुकड्यांचेच असायचे. माल उठला नाही की मालक माग बंद ठेवायचा, आणि मग घरात जी शांतता पसरायची तिची मला अजूनही धडकी भरते. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, सगळ्या भावकीत पहिली. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार सालानंतर सॉफ्टवेअरवाल्यांची जी रांग जपानला लागली, तिच्यात मीही शिरले. पूर्वी हे सांगताना आवाज खाली जायचा. टोकियोतल्या शेजारच्या नीलाताईंनी तो वर आणला. "पहिली आहेस ना? मग पहिली म्हणूनच सांग की," म्हणायच्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या यजमानांचा, श्रीकांतरावांचा पुण्याहून फोन आला. "नीला गेली. झोपेतच... तुला लगेच कळवलं. बोटीत आपण तिघंच होतो ना." मी तेव्हा इथे जपानातच, त्सुकुबाच्या ऑफिसात होते. बाहेर येऊन गाडीत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी आला तो आवाज. नवंकोरं शीड वाऱ्याने पहिल्यांदा भरलं तेव्हाचा, जाड चादर झटकावी तसा फाडकन आलेला.

टोकियोत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी राहायला आले त्याच दिवशी ताई कचऱ्याचं पत्रक घेऊन दारात उभ्या. "हे जळणारं, हे न जळणारं, बाटल्या वेगळ्या. नवरा कुठल्या वारी टाकायचा ते मात्र यात दिलेलं नाही." उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. पुण्यात बँकेत नोकरीला होत्या, ती सोडून श्रीकांतरावांच्या कॉन्ट्रॅक्टबरोबर आल्या. व्हिसावर शिक्का होता डिपेंडंटचा. त्या शब्दावर त्या कधी विनोद करायच्या नाहीत, बाकी सगळ्यावर करायच्या. श्रीकांतराव शेवटच्या गाडीने परतायचे, म्हणून ताईंनी वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गात नाव घातलं. तिथे शिकवायला होशिनो-सान नावाचे निवृत्त गृहस्थ यायचे. त्यांची एक जुनी शिडाची होडी खाडीतल्या धक्क्याला बांधलेली होती. गुडघे गेले, आता चालवणं होत नाही, मार्चअखेर ती मोडीत काढणार, असं त्यांनी वर्गात सहज सांगितलं. ताईंनी वाक्य पुरतं समजल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, मला द्या.

होशिनो-सान हसले. मग बघितलं तर बाई हसत नाहीयेत.

अट एकच होती, आधी होडी चालवायचा परवाना. जपानी भाषेतली परीक्षा ताई पहिल्या झटक्यात पास झाल्या. पण त्याच आठवड्यात श्रीकांतरावांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार असं कळलं, म्हणजे सामान आवरून पुण्याला. ताईंनी मला बाल्कनीत बोलावलं. "सुरेखा, परत जायच्या आत मला ही होडी तातेयामापर्यंत न्यायची आहे. खाडीच्या पार तोंडाशी. सुकाणू माझ्या हातात. इतकी वर्षं मी कुणाच्या तरी मागून आले गं. एकदा तरी कुणीतरी माझ्या मागून यावं." मी म्हटलं, "ताई, मी येते."

होडीची अवस्था काय सांगू... शीड आईच्या जुन्या लुगड्यासारखं विरलं होतं, बोट लावलं तर पलीकडे दिसेल. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांना गंज चढलेला, दोऱ्या काथ्यासारख्या. मग आमचे सगळे रविवार धक्क्यावर जायला लागले. तारा एकेक करून बदलायच्या, म्हणजे डोलकाठी उभीच राहते. पण वरचं टोक सोडायला कुणीतरी वर जायला हवं. सर्वांत हलक्या ताई. त्यांना पट्ट्याच्या झोपाळ्यात बसवलं आणि श्रीकांतरावांनी खालून दोरी ओढली. वर पोचल्यावर पहिलं वाक्य, "सुरेखा, तू चादर वाळत घालून आलीस का? पाऊस येतोय तिकडे." श्रीकांतराव खालून ओरडले, "नीला, पुरे झालं, खाली ये."

"दोरी तुमच्या हातात आहे, अहो. मी कशी येऊ?"

खाली होशिनो-सान पकड हातात घेऊन एकेक तार तपासत होते. पुढचं छोटं शीड खिडकीच्या पडद्यासारखं दोरी ओढली की गुंडाळलं जाईल अशी सोय त्यांनी बसवली आणि सगळ्या दोऱ्या मागे सुकाणूपाशी आणल्या. म्हणजे एकट्या बाईला जागेवरून न उठता होडी चालवता यावी. ही सोय सगळ्यात शेवटी बसली तेव्हा ताई ती दोरी उगीचच ओढत आणि सोडत बसल्या, लहान मुलीसारख्या.

मोठं शीड मात्र नवीन शिवायला टाकलं. शिवणारा म्हणाला, मी येऊन डोलकाठीचं माप घेतो. ताई म्हणाल्या, कशाला, जुनं शीड देते ना मापाला. आपल्याकडे नाही का, टेलरकडे मापाचा ब्लाऊज टाकून येतो आणि तो तसाच शिवून देतो. त्या माणसाने दोनदा विचारलं. ताईंनी दोनदा मान हलवली.

शीड आलं ते इतकं सुंदर, कडक, पांढरंशुभ्र, की मी त्याचा वास घेतला. नव्या कापडाचा वास जगात सगळीकडे सारखाच. आम्ही दोघींनी मिळून ते वर चढवलं. टोकाला पोचलं, तरी खाली ढिलंच. ओढलं, परत ओढलं. वीतभर लांब. मी जुनं शीड आणून बाजूला धरलं तेव्हा उलगडा झाला. "ताई, इतकी वर्षं वारा खाऊन हे ओढलं गेलंय. आपण ताणलेल्या कापडाचं माप दिलं." शिवणाऱ्याला फोन केला. मे महिन्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत हात रिकामा नाही. आणि ताईंचं विमान मार्चअखेरचं.

ताई शिडाची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. श्रीकांतराव म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वेळी." पुढची वेळ नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग ताई एकदम म्हणाल्या, "ब्लाऊज लांब झाला तर आपण काय करतो गं?"

"कापतो."

"कापायला वेळ नसेल तर?"

"परकर खाली बांधतो."

"मग?" असं म्हणून त्या उठल्या आणि शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर हात ठेवला. "हा खाली घ्यायचा."

होशिनो-सानना त्यांनी हे किमोनोचा पट्टा खाली बांधायचं उदाहरण देऊन समजावलं. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग ड्रिल घेऊन आला. डोलकाठीवर वीतभर खाली नवी भोकं पाडली, दांडा तिथे बसवला, आणि शीड वर चढलं ते तबल्यासारखं ताणून. होशिनो-सान, श्रीकांतराव आणि मी, सगळ्यांची डोकी आता दांड्याला लागत होती. ताई त्याच्याखालून ताठ मानेने जायच्या. श्रीकांतरावांना पहिल्याच दिवशी टेंगूळ आलं. "आता जन्मभर मान खाली घालूनच बसायचं का?" "सवय होईल. मला झाली होती," ताई म्हणाल्या, आणि त्यांना बर्फ आणून दिला.

आम्ही तिघं निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. उत्तरेचा वारा पाठीशी. धक्क्यापासून लांब आल्यावर ताईंनी इंजिन बंद केलं, आणि मग तो आवाज आला, फाडकन. होडी पुढे झेपावली. मी ओरडलेच असणार, कारण घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसलेला होता. बाजूने इमारतीएवढी मालवाहू जहाजं जात होती आणि आम्ही थालीपीठ खात होतो. दुपारी वारा वाढला, होडी एका बाजूला कलून पळायला लागली, पाणी कठड्यापर्यंत आलं. श्रीकांतराव दांड्याखाली वाकून बसले होते. म्हणाले, "नीला, इंजिन लाव."

"नाही."

"मी धरू का सुकाणू?"

"तुम्ही शिडाची दोरी धरा. मी सांगेन तेव्हा सोडा." त्यांनी दोरी धरली. ताईंनी "सोडा" म्हटलं, त्यांनी सोडली. होडी सरळ झाली. मग त्या पुढचे सगळे तास ते फक्त ताईंच्या तोंडाकडे बघत होते, आता काय सांगतील म्हणून.

तातेयामाला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. बंदरातल्या माणसाने दोर झेलला आणि श्रीकांतरावांकडे बघून विचारलं, कप्तान कोण? श्रीकांतराव वाकून बाहेर आले, टेंगूळ चोळलं आणि ताईंकडे बोट दाखवलं. ताईंनी नाव सांगितलं. स्वतःचं, नुसतं.

बंदरातून निघताना आणि शिरताना सोडलं, तर इंजिन लागलं नाही. बाकी सगळं अंतर, टोकियोच्या धक्क्यापासून तातेयामापर्यंत, नीलाताईंनी होडी शिडावर नेली. सुकाणूला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.