उत्तराची जागा

माझी सून घरूनच काम करते. तिच्या कॉम्प्युटरवर अनोळखी माणसं प्रश्न विचारतात, दुसरी खाली उत्तरं लिहितात. उत्तर लिहायचा चौकोन कसा दिसावा, हे ती ठरवते. आज सकाळपासून ती तो कधी मोठा करत होती, कधी लहान. मी शेजारी मटार सोलत बसलो होतो.

"बाबा, यातला कुठला बरा?"

"लहान कर. एवढं रिकामं मैदान बघून माणूस पळून जाईल. ज्याला नुसतं 'हं' म्हणायचंय त्यानं काय करावं?"

"नुसतं 'हं' कोण लिहितं, बाबा?" ती हसली.

लिहीत नसेल कुणी. तिची सासू मात्र म्हणायची. मी बाहेरचं रडगाणं घरात आणायचो आणि ती पोळ्या लाटता लाटता 'हं' म्हणायची. तेवढ्यावर माझं बोलणं पुढं सरकायचं. ती गेल्यापासून मी एक वाक्य बोलतो आणि तिथंच अडतो. माणसाला शहाणं उत्तर नको असतं. पलीकडं कुणीतरी आहे, एवढं कळलं की पुरतं.

सुनेनं चौकोन लहान केला. "घ्या, एखादा प्रश्न टाकून बघा."

मी एका बोटानं लिहिलं, 'जेवलीस का?' बटण दाबलं. प्रश्न वर जाऊन बसला आणि त्याच्याखाली रिकामा चौकोन उघडला.

"नीट दिसतंय ना, बाबा?"

"दिसतंय. पण लगेच पुसू नकोस. राहू दे जरा वेळ."