काळजातली हिरवी तार

दोरखंड माझ्या पायांपुढं येऊन पडला. फेकला म्हणता येणार नाही, नाना सभ्य माणूस. त्यांनी तो टाकला.

"तुम्हाला तिचं काळीज पाह्यजे ना मॅडम? मंग न्या बांधाकडं वढून. तुमच्या लोकांला जमतं ते. आमच्या हाताला सवय न्हाई."

केदारखेड्याजवळचा मळा, सकाळचे नऊ. गोठ्यात नानांची गाय मरून पडलेली. मी जनावरांच्या हृदयाची डॉक्टर. जनावराला कुठलं आलं हार्ट, असं अजून लोक मला विचारतात.

दोन महिन्यांपूर्वी याच नानांनी गावात माझा सत्कार केला होता. चौकात फ्लेक्स. त्यावर माझा चेहरा आणि चेहऱ्यापेक्षा मोठे, हात जोडलेले नाना. 'पंचक्रोशीची शान.' शाल त्यांनी खांद्यावर घातली नाही. तीही टाकलीच. लांबून, बोट लागणार नाही अशी. मी हसून फोटो काढून घेतला. त्या हसण्याची मला आज किळस येते.

चार दिवसांपूर्वी त्यांनी गाय दाखवायला बोलावलं. मानेची शीर दोरीसारखी फुगलेली, पुढच्या पायांमध्ये सूज. छातीला नळी लावली तर अर्धी भरलेली कळशी हलवावी तसा आवाज. इको मशीनवर हृदयाभोवतीच्या पिशवीत पू दिसला. जनावर चारा नीट न चावता गिळतं. त्यात तार गेली की ती पोटातून पुढं सरकते आणि हृदयात घुसते. वाचणार नाही, असं मी सांगितलं. नानांनी गायीच्या कपाळावर हात ठेवला. "लक्ष्मी हाय हो आमची."

जिवंत होती तोवर त्यांची लक्ष्मी. मेली की आमची.

माझा आजा हसनाबादला मेलेली ढोरं ओढायचा. फाडताना त्याला काळजात रुतलेले खिळे सापडायचे. अशी ढोरं मरायच्या आधी कोपरं बाहेर काढून उभी राहतात, उतारावर पाय टाकत नाहीत, हे त्यानं मला मी शाळेत असताना सांगितलं. पुढं कॉलेजात तेच इंग्रजीत शिकवलं, तेव्हा मी वहीत काही लिहिलं नाही. आजाला कुणी शाल दिली नाही. दोरी दिली. धम्म घेतल्यावर त्यानं ती चावडीपुढं नेऊन ठेवली. त्या साली गावानं वस्तीला काम दिलं नाही. दोरी त्यानं तरीही उचलली नाही.

आणि मी? मला ते हृदय हवं होतं. जिवंतपणी ऐकलेला आवाज, मशीनवरचं चित्र आणि उघडलेलं हृदय, ही तिन्ही एकाच जनावराची क्वचित मिळतात. माझं सगळं संशोधन त्या जुळणीवर उभं आहे. उन्हात मढं फुगायला लागलं की जुळवायला काही उरत नाही.

माझा हात दोरीकडं गेला. खरंच गेला. त्या क्षणी आजा वगैरे आठवला नाही. आधी स्वतःची पाठ दिसली. वाकलेली.

सरळ झाले.

"नाना, जनावर तुमचं. बांधायचं तुम्ही, ओढायचं तुम्ही. सुरी तेवढी मी धरीन."

"आम्ही?" नाना हसले. "किती बी शिकलं तरी रीत असती मॅडम."

"मंग पडू द्या."

गाडीच्या सावलीत जाऊन बसले. हृदय हातचं जात होतं, आणि मी बसून होते. नानांनी दोन-तीन फोन लावले. वस्तीवरून कुणी आलं नाही. साडेअकराला माश्यांचा घोंगाट झाला, बाकीच्या गायी दावी ओढायला लागल्या. शेवटी त्यांच्या थोरल्या लेकानं ट्रॅक्टर आणला. मग पायाला गाठ कुणी मारायची, यावर बापलेकात कुजबुज.

"तुम्हीच मारा ना नाना."

"माझी कंबर धरती रे."

"आन् सत्काराला दोन घंटे उभे होते ते?"

नानांनी नाकाला रुमाल बांधला आणि वाकले. गाठ दोनदा सुटली. ज्या कामाला अक्कल लागत नाही असं पिढ्यानपिढ्या ठरवून ठेवलं होतं, ते त्यांना जमेना.

तिसऱ्यांदा बसली. ट्रॅक्टरनं गाय बांधावर आणल्यावर मी म्हणाले, "पाय धरा." त्यांनी धरला. हृदयावर घट्ट सायीसारखा पिवळा थर आणि त्यात रुतलेली बोटभर तार. हिरव्या प्लास्टिकच्या आवरणाची. ती नानांनी माझ्याआधी ओळखली. त्यांची नजर कडब्याच्या गंजीकडं गेली, म्हणून माझीही गेली. गंजीवर झाकण म्हणून तोच फ्लेक्स. माझा चेहरा, त्यांचे हात. तीन कोपऱ्यांना हिरव्या तारा लोंबत होत्या. चौथ्या कोपऱ्याला नुसतं भोक.

"साप चावला लिव्हा मॅडम," नाना हळूच म्हणाले. "गावात हसं व्हईल."

मी लिहिलं: सत्काराच्या फलकाची तार हृदयात घुसून मृत्यू. खाली त्यांची सही घेतली.

ती तार आता बरणीत, माझ्या टेबलावर आहे. शाल घेऊन येणाऱ्यांपुढं मी ती आधी ठेवते. बरेचसे चहा न घेता जातात. मढं उघडायचा माझा एकच नियम आहे. ज्याचं जनावर, त्यानं गाठ मारायची, पाय धरायचा, वास घ्यायचा. मालक तयार नसेल तर मी हृदय सोडून परत येते. नानांनंतर दोन सोडली. दोन्ही मला हवी होती. संशोधन तेवढं मागं पडलं. पडू दे.

माझ्या हाताला सुरीची सवय आहे. दोरीची नाही.