आठशे गाई आणि एक रिकामी ओळ

शुक्रवारी सकाळी सव्वासातला माझ्या भाच्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी पुढच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरत होते. "आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, गुरुवारच्या खणात कॅल्शियमची गोळी टाकली, झाकण लावलं आणि मग खाली बसले. त्या क्षणी मनात पहिला विचार काय आला ते सांगायला थोडी लाज वाटते, पण इतक्या वर्षांत मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही. मनात आलं, मग त्या ओळीचं काय?

रिया, ईशान, तुमची आजी हे मराठीत लिहिते आहे, कारण ती ओळ मराठीत आहे. आई तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच ती भराभर पुढे जायला लागली तर तिला थांबवा. दादा, म्हणजे तुमचे दादाआजोबा, माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तुम्ही त्याला तुमच्या कॅरीच्या घरून व्हिडिओ कॉलवर पाहिलं ते सनीव्हेलच्या त्याच्या जेवणाच्या टेबलापाशी, मागे भिंतीवर टेक्सासपासून कॅन्सासपर्यंतचा मोठा नकाशा. रिया, तू नऊ वर्षांची असताना त्याने तुला आपल्या अर्धवट राहिलेल्या कादंबरीची गोष्ट सांगितली होती. आठशे गाई घेऊन जेक वॉर्डन नावाचा काऊबॉय पूर आलेल्या नदीपाशी येतो आणि तिथेच पुस्तक थांबतं. तू विचारलंस, "बट दादाआजोबा, डिड द काऊज मेक इट?" तो म्हणाला, "आय अ‍ॅम वर्किंग ऑन इट." खोटं नव्हतं ते. फक्त त्या नदीपाशी तो पन्नासहून जास्त वर्षं उभा होता.

अमरावतीला कॉलेजात असताना दादाने काऊबॉयच्या पाच कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान होतं. त्याचा मालक त्या छापायचा आणि लोक त्या फाटेपर्यंत वाचायचे. अमेरिका दादाने पाहिली होती ती रविवारी सकाळी लागणाऱ्या इंग्रजी सिनेमात, तीही पुढच्या रांगेतून, मान वर करून. त्याचं अक्षर वाईट, म्हणून सगळं फेअर करायचं काम माझ्याकडे. मी कॉन्व्हेंटात जात होते, त्यामुळे इंग्रजी नावांचे उच्चार ठरवण्याचा अधिकारही माझाच. त्या पुस्तकांत जेक सलूनमध्ये शिरताना दाराबाहेर बूट काढून ठेवतो. शेरीफशी बोलताना तो "अहो" म्हणतो. एकदा वाळवंटात त्याला तहान लागते तेव्हा शेजारच्या मळ्यातली म्हातारी गूळ आणि पाणी आणून देते. यातलं काहीही आम्हाला चुकीचं वाटलं नव्हतं.

पण खरी चूक त्याहून मोठी होती. सिनेमात गाईंचे कळप धुरळा उडवत उत्तरेकडे निघायचे, दरोडेखोर यायचे, गोळीबार व्हायचा, शेवटी नायक-नायिका घोड्यावर बसायचे आणि पडदा पडायचा. गाई कुठे चालल्या होत्या ते कोणी दाखवायचंच नाही. आमच्या घरात त्याला एकच उत्तर शक्य होतं. दादाच्या पाचही पुस्तकांत उत्तरेला एक शहर होतं, तिथे तान्ह्या मुलांना दूध नव्हतं, आणि जेक जिवावर उदार होऊन ते दूध चार पायांवर चालवत नेत होता. मी चौदा वर्षांची, हिशेबी. फेअर करता करता मी विचारलं, "दादा, आठशे गाई म्हणजे सकाळ-संध्याकाळ धार काढायला नऊ माणसं कशी पुरतील?"

तो गंभीर झाला. "कमी पडतील का गं?"

"एकेकाला एका वेळी नव्वदच्या आसपास गाई येतात. बोटं राहतील का जेकची? मग पिस्तूल कशाने चालवणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने टोळीत चाळीस गवळी वाढवले आणि तीन बैलगाड्या भरून तांब्याच्या कळशा दिल्या. आमचे वडील शाळेत गणित शिकवायचे. मुलगा असलं काही लिहितो म्हणून ते आधी दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हते. मग कोणीतरी त्यांना तिसरं पुस्तक वाचायला दिलं. रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले, "गोळीबार जरा कमी कर. पण गाईची सेवा चांगली दाखवली आहेस." घरात त्या दिवसापासून जेक वॉर्डनला मान मिळाला.

सहाव्या पुस्तकात कळप नदीपाशी आला आणि दादाला कॅन्सासमध्ये इंजिनिअरिंगच्या एम. एस.ला अ‍ॅडमिशन मिळाली. जाताना तो दुकानदाराला सांगून गेला, "तिथूनच लिहून पाठवतो. आता तर प्रत्यक्ष बघून लिहिणार." दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं, निळ्या एरोग्रामवर, माझ्या नावाने. "सुमे, बाबांना सांगू नकोस. त्या गाई दुधासाठी नव्हत्या. बहुतेक तर गाईही नव्हत्या, बैल होते..." त्याच्या घरमालकीणबाईंना त्याने मोठ्या अभिमानाने आपल्या कादंबऱ्यांची गोष्ट सांगितली होती. चाळीस गवळ्यांपर्यंत आल्यावर त्या बाई हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या, डोळे पुसत त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हनी, दोज काऊज वेअर डिनर." रविवारी त्यांनी त्याला गाडीतून रेल्वेलाइनजवळच्या जनावरांच्या जुन्या कोंडवाड्यांपाशी नेलं. टेक्सासहून महिनोन् महिने चालत आलेली जनावरं तिथे गाडीत चढवायचे आणि शिकागोच्या कत्तलखान्यांकडे पाठवायचे. त्यानंतर दादाने एक ओळही लिहिली नाही. दुकानदार दोन वर्षं मला रस्त्यात अडवून विचारत होता, "ताई, नदी ओलांडली का?"

पुढे मीही लग्न होऊन इकडे कॅलिफोर्नियात आले, फ्रीमाँटच्या लायब्ररीत सत्तावीस वर्षं पुस्तकांचे कॅटलॉग केले. दादा कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करत राहिला. जेकचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. रिटायर झाल्यावर मात्र त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास इथल्या लहान लहान गावांची म्युझियम्स पालथी घालायला लागला. तिकडून रोज फोन. "सुमे, काऊबॉयमध्ये कितीतरी जण काळे होते, नुकतेच गुलामीतून सुटलेले. आपल्या पाच पुस्तकांत एक तरी आहे का?" दुसऱ्या दिवशी, "अगं, लॅसो, रोडिओ, रँच हे सगळे शब्द मेक्सिकन गुराख्यांचे. जेकला घोड्यावर बसायलाही त्यांनीच शिकवलं असणार." मग एकदा, "गावात शिरताना पिस्तूल मार्शलकडे जमा करायला लागायचं. झाला का आपला गोळीबार!" फक्त एका फोनवर त्याचा आवाज खाली आला होता. ज्या मूळ अमेरिकन जमातींच्या जमिनीतून हे कळप जात, त्या वाटेचा कर म्हणून काही जनावरं मागायच्या. दादाच्या पुस्तकांत ते सगळे चोर होते. "त्यांच्या अंगणातून आपण जात होतो," तो म्हणाला, "आणि वर चोर त्यांनाच म्हणत होतो. अमरावतीत बसून मी काय काय लिहिलं गं..."

पाच वर्षांपूर्वी त्याने मलाही कॅन्साससाठी व्हॅनमध्ये बसवलं. एका गावात जुन्या रेल्वे स्टेशनचंच म्युझियम केलं होतं. आत सत्तरीच्या एक व्हॉलंटियर बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. दादाने वाटेवरच्या लोकांच्या डायऱ्या मागितल्या, मी सवयीने हात धुऊन आले, आणि आम्ही दोन दिवस तिथेच बसून फोटोकॉपी काढत राहिलो. निघताना दादाने त्यांना दाराबाहेर बूट काढणाऱ्या जेकची गोष्ट सांगितली. त्या हसतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या आईला तो फार आवडला असता. तिचा जन्म फरशी पुसण्यात गेला." परतीच्या वाटेवर दादा बराच वेळ शिट्टी वाजवत होता. नेवाडात पोचल्यावर म्हणाला, "पुस्तक पुरं करायला हवं. पण खरं खरं. आणि खरं लिहायचं तर त्या सगळ्यांना मला गाडीत चढवायला लागेल. माझ्याच्याने होईल का ते, सुमे?"

चार वर्षं झालं नाही. मग गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी त्याच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. त्याने मला फोन केला तो रडका नव्हता. "मंगळवारी येतेस का? फेअर करायचंय." तेव्हापासून दर मंगळवारी समीर मला सनीव्हेलला नेऊन सोडायचा. दादा हाताने लिहायचा, मी समोर बसून लॅपटॉपवर टाईप करायची. चाळीस गवळ्यांना आम्ही सन्मानाने निरोप दिला. जेकच्या टोळीत जोसाया नावाचा काळा काऊबॉय आला, तो प्रत्येक प्रकरणात जेकपेक्षा हुशार ठरायला लागला. ईशान, तुझ्या आवडीचा एक स्वयंपाकीही आला, जो रोज बीन्सच करतो आणि त्या पदार्थाचं रोज वेगळं नाव सांगतो. नदी ओलांडली त्या मंगळवारी दादाने समीरकडून पेढे मागवले. भांडणंही झाली. पुराचं वर्णन अडीच पानं होतं. मी म्हटलं, "लोक बुडतील." तो म्हणाला, "तू लायब्ररीत नुसते शिक्के मारलेस, तुला काय कळतंय!" मी लॅपटॉप मिटला. त्याने चहा करून आणला, साखर विसरला, आणि एक पान कमी केलं.

मार्चमध्ये मी त्याच्या फोटोकॉपी विषयवार लावत होते, त्यात त्या म्युझियममधलं एका शेतकरी बाईचं आठवणींचं टिपण सापडलं. वाटेत जन्मलेली वासरं कळपाबरोबर चालू शकत नसत, म्हणून काऊबॉय ती बहुधा मारून टाकत. ही बाई कळप दिसला की पाव घेऊन रस्त्यावर उभी राहायची आणि वासरू मागून घ्यायची. एकदा पाय सोलवटलेली एक गाय आणि तिचं वासरू, दोन्ही तिच्या दारात सोडून ते पुढे गेले. त्या हिवाळ्यात तिच्या मुलांना तिने त्याच गाईचं दूध पाजलं. मी लगेच दादाला फोन लावला. "दादा, दूध सापडलं!"

त्याने विचारलं, "किती?"

"एका घराला पुरेल इतकं."

तो इतका हसला की समीर घाबरून खोलीत आला. त्या आठवड्यात त्याने एकटाकी चौदा पानं लिहिली. आता फक्त रेल्वे उरली होती.

शेवटचं प्रकरण त्याने खरं तेच लिहिलं. कर म्हणून दिलेली, नदीत गेलेली, त्या बाईच्या दारात राहिलेली सोडून बाकी सगळी जनावरं स्टेशनवर येतात आणि फळीवरून डब्यात चढतात. गळ्यात घंटा बांधलेला पुढारी बैल तेवढा परत जातो, कारण असा बैल विकत नसत, पुढच्या कळपाला वाट दाखवायला ठेवत. हेही त्याने शोधून काढलं होतं. चढवणं सुरू होण्याआधी एक ओळ मात्र मोकळी होती. मी म्हटलं, "इथे काय?"

"जेक. तीन महिने तो त्यांच्याबरोबर चालला. इथे त्याने काय केलं असेल? मी पाच-सहा वेळा लिहिलं, प्रत्येक वेळी सिनेमा होतोय. तू लिही."

"मी फेअर करणारी, दादा. मी कधी एक शब्द तरी घातलाय का तुझ्यात?"

"म्हणून तर तुला सांगतोय. पुढच्या मंगळवारी वाचून दाखव." लिफ्टपर्यंत सोडायला आला, चपला घालून. "आणि माझ्यासाठी म्हणून गोड करू नकोस," म्हणाला. तो मंगळवार, आणि शुक्रवारी समीरचा फोन.

याला आता सहा आठवडे झाले. दिवस झाल्यानंतरच्या मंगळवारी मी समीरला म्हटलं, मला नेहमीसारखं नेऊन सोड. त्याच टेबलाशी बसून मी जेकला रडवलं, मग टोपी काढायला लावली, मग सूर्यास्ताकडे बघायला लावलं. सगळं खोडलं. रडणारे, टोप्या काढणारे नायक मी जन्मभर कॅटलॉग केले आहेत. शेवटी लायब्ररीतल्या बाईने जे करावं ते केलं. कॅन्सासच्या त्या म्युझियमला ईमेल पाठवून विचारलं, डब्यात चढवण्याआधी ते लोक जनावरांसाठी काय करत? स्वेटर विणणाऱ्या बाईंचंच उत्तर आलं. पाणी पाजत. विकणाऱ्याला ते हवं असायचं, कारण पाण्याने वजन वाढतं. घेणारा कुरकुर करायचा. दादाची बातमी ऐकून त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मी समीरला दिल्या.

म्हणजे कारण काही का असेना, पाणी खरं होतं. रिया, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, बाळा. बहुतेक सगळ्या पोचल्या, आणि पोचल्या म्हणूनच वाचल्या नाहीत. काल मंगळवार होता. मी रिकाम्या ओळीत लिहिलं, "त्या दिवशी जेकने घाई केली नाही, एकेकाचं पोटभर पाणी पिऊन होईपर्यंत तो थांबला." समोरच्या खुर्चीला ते मोठ्याने वाचून दाखवलं. अडीच पानांपेक्षा लहान होतं, त्यामुळे त्याची थोडी तक्रार असणारच... जरा वेळ वाट पाहिली, आणि सेव्ह केलं.