अल बर्शातले महामहिम

गल्फमधल्या प्रत्येक घरात कोपऱ्यात एक कार्टन असतं. गावी पाठवायचं म्हणून ठेवलेलं. आज त्यात साबण पडतो, उद्या दूध पावडरचा डबा, आणि एक दिवस बघावं तर झाकण लागत नाही! आमच्या आप्पांचे किस्से असेच साठलेत. मी आणि हमीद रविवारी चहाला बसतो, एकच काढू म्हणतो, आणि चहा गार होऊन जातो.

आप्पा म्हणजे आमच्या तालुक्याचे माजी आमदार, माजी मंत्री, माजी बरंच काही, आणि सध्या एका लांबच्या राज्याचे राज्यपाल. त्यांची मुलगी शिल्पा दुबईत, अल बर्शा भागात, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते. माझ्याकडे सात सीटची गाडी आहे. एवढ्या एका क्वालिफिकेशनवर मी आप्पांचा दुबईतला ड्रायव्हर, पीए आणि श्रोता! हमीदचं इथे किराण्याचं दुकान आहे. तो रत्नागिरीकडचा, मतदारसंघ वेगळा. त्याचं मत मिळायची शक्यता नाही, म्हणून आप्पा त्याच्याशी खरं बोलतात.

*

आप्पा पहिल्यांदा दुबईला आले तेव्हा नवेकोरे आमदार होते. एअरपोर्टवरून बाहेर पडले ते हात जोडूनच. डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार. ट्रॉल्या ढकलणारे फिलिपिनोसुद्धा गोंधळून मान हलवत होते.

एका हॉटेलचा ड्रायव्हर पाहुण्याच्या नावाची पाटी दोन्ही हातांनी उंच धरून उभा होता. समोर कुणीतरी दोन्ही हात वर केलेत एवढंच आप्पांनी पाहिलं. ते तडक त्याच्यासमोर गेले आणि हारासाठी मान खाली घातली!

बिचाऱ्याला काही कळेना. तो पाटी आणखी वर नेतोय, आप्पा आणखी वाकतायत. शेवटी मी धावत जाऊन त्यांना सोडवलं.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "दिन्या, माणसं चांगली आहेत. फुलं कमी पडतात इथे."

*

पुढे आप्पा मंत्री झाले. दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या एका कामगार कॅम्पात आमच्या तालुक्यातली पंधरा-वीस पोरं राहायची. आप्पा म्हणाले, भेटायचंच. गेलो. पोरांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि सवयीने गाऱ्हाणी सुरू केली. मेन रोडपासून कॅम्पापर्यंत नुसती वाळू, बस आत येत नाही, चालून जीव जातो.

आप्पा उठले. माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे. हा रस्ता पुढच्या बजेटमध्ये मंजूर!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे तीही काही कमी नव्हती!

हमीदने हळूच कानात सांगितलं, "आप्पा, हा शेखसाहेबांचा मुलूख आहे."

आप्पा परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मग त्यांना माझं नाव सांग."

पुढे म्युनिसिपालिटीने तिथे खरंच डांबर टाकलं. आप्पांनी गावाकडच्या प्रचारात तो रस्ता दोनदा वापरला.

*

तिसऱ्या खेपेला आम्ही एका रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, मागे त्यांच्या पक्षाच्या रंगाचा मोठा बॅनर. आप्पा मुंबईहून विमानात बसले तेव्हा त्या पक्षात होते. विमान उतरलं, मी फोन उघडला, तर बातमी! आप्पांनी पक्ष बदलला!

मी एअरपोर्टवरूनच हमीदला फोन लावला. "बॅनर खलास! रंग बदलला!"

हमीद डोकेबाज. त्याने बॅनर उलटा लावला. मागची पांढरी बाजू पुढे, आणि मार्करने नुसतं लिहिलं, 'आप्पांचे स्वागत'.

आप्पा स्टेजवर चढले, मागे वळून बॅनर नीट पाहिला आणि हमीदला जवळ बोलावलं. "जपून ठेव रे. हाच बरा आहे."

*

मग एका निवडणुकीत आप्पा पडले. चांगलेच पडले. वर्षभराने त्यांना राज्यपाल केल्याची बातमी आली. ते राजभवनात राहायला गेले आणि मी आनंदाने फोन केला, "आप्पा, अभिनंदन! महामहिम झालात!"

"अभिनंदन कसलं करतोस, मेल्या? जिवंतपणी फोटोत बसवलं मला! आता फक्त हार घालायचा बाकी आहे."

मागून वहिनींचा आवाज येत होता. त्या पेढे वाटत होत्या. त्यांनी फोन ओढून घेतला, "भावजी, ह्यांचं ऐकू नका. आज उठले, स्वयंपाकघरात गेले, तर एकही अनोळखी माणूस नाही हो! चाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

*

राज्यपालांना विधानसभेत भाषण वाचावं लागतं. ते लिहितं तिथलं सरकार. आणि तिथलं सरकार नेमकं त्या पक्षाचं, ज्याला आप्पांनी जन्मभर शिव्या घातल्या. मी अल बर्शात मोबाईलवर बघत होतो. आप्पा वाचतायत, "माझ्या सरकारने अभूतपूर्व प्रगती केली आहे," आणि प्रत्येक वाक्यानंतर खोकतायत.

रात्री विचारलं, "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? खोकला ही माझी दुरुस्ती होती. कामकाजात नोंद झाली पाहिजे!"

*

यंदा ते वहिनींना घेऊन शिल्पाकडे आले. खाजगी दौरा. त्यालाही दिल्लीची परवानगी लागते म्हणे. "मुलीकडे जायला रजेचा अर्ज, शाळामास्तरासारखा!" एअरपोर्टवरून घरी येताना आप्पा अख्खा शेख झायेद रोड धुसफुसत होते.

नातू विहान आठ वर्षांचा. त्याने जेवताना विचारलं, "आजोबा, आर यू द बॉस ऑफ द होल स्टेट?"

"होय तर!"

"देन हू इज युवर बॉस?"

आप्पा म्हणाले, "बाळा, वरण घे."

*

पण या खेपेला आप्पांचं चित्त जागेवर नव्हतं. आमच्या मतदारसंघात निवडणूक लागली होती. आप्पांनी वर निरोप पाठवला होता, मला तिकीट द्या, त्याच दिवशी राजीनामा देतो. म्हणून फोनची वाट. मॉलमध्ये फोन हातात, बाथरूममध्ये फोन हातात. मला म्हणाले, "दिन्या, एकदा शेवटचं लढू दे रे. तिथे बंगला आहे, बाग आहे, सलाम आहेत. भांडायला माणूस नाही!"

दुसऱ्या दिवशी वहिनींना भाजीला नेलं. गाडीत बसल्या, पट्टा लावला. मग म्हणाल्या, "भावजी, मला भीती वाटते. तिकडे बंगल्यावर हे आता संध्याकाळी माझ्याबरोबर बागेत फिरतात. निघायच्या आदल्या दिवशी विचारलंन्, हे झाड कसलं? लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं हो. फोन आला की सगळं संपलं."

मी गाडी चालवत राहिलो.

रविवारी शिल्पाकडे सगळे जेवायला बसलो. हमीदने सुरमई आणली होती, वहिनी वाढत होत्या. आप्पांचा फोन चार्जिंगला लावलेला, वहिनींच्या पाठीमागे. जेवण रंगात आलं आणि फोन वाजला.

आप्पांचे दोन्ही हात माशाने भरलेले. ते उठायच्या आत वहिनींनी फोन उचलला. "हां जी, नमस्कार." पलीकडचा माणूस भराभरा हिंदीत बोलत होता. तिकीट हा शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू आला. आत्ताच्या आत्ता हो म्हणा, नाहीतर दुसरं नाव जाईल, असंच काहीतरी.

वहिनींनी आप्पांकडे पाहिलं. फोनमध्ये म्हणाल्या, "साहब सो रहे हैं."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"नहीं जी. उठा नहीं सकते."

हमीदचा घास हातातच राहिला. विहान म्हणाला, "बट आजोबा इज..." शिल्पाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आता आप्पा ओरडणार, ताट उडवणार, एवढंच मला वाटत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. वहिनी फोन कानाला धरून तशाच उभ्या, नजर त्यांच्यावर.

आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला, खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.